नाव काढणे

“नाव कुठे गेलं?” गिऱ्हाइकाने विचारलं.

त्याच्या हातात टॅपेट कव्हर होतं, जुन्या मोटारीच्या इंजिनाचं वरचं झाकण. ओतीव ॲल्युमिनियमचं, हातभर लांब. चार दिवसांपूर्वी त्याने ते आणलं तेव्हा त्यावर डांबराचा जाड थर होता. आता त्यात छताचा पंखा फिरताना दिसत होता. त्याने ते उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि मधल्या सपाट जागेवर अंगठा फिरवत राहिला.

“काढलं की!” ताई म्हणाली. “कुठे खूण राहिलीय का ते बघा.”

कारखान्यात सगळे तिला ताईच म्हणत. त्या अक्षरांपायी तिचे दोन दिवस गेले होते. आधी कानस, मग खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पेस्ट आणि फडकं. मशीन ती लावत नसे. मशीनला घाई असते, असं तिचं म्हणणं. काम मनासारखं उतरलं होतं आणि आता ती शाबासकीची वाट बघत होती.

गिऱ्हाईक म्हणजे पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला शांत माणूस. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “मी नाव काढा म्हणालो होतो.”

“मग? काढलं.”

“अहो, काढा म्हणजे वर काढा! डांबराखालचं नाव वर काढा, वाचता येईल असं!”

ताईने टेबलाशी बसलेल्या भावाकडे बघितलं. ऑर्डर घेणं, चहा मागवणं आणि उशीर झाला की गिऱ्हाइकाला गोड बोलून वाटेला लावणं, ही त्याची खाती. धुळीने शिंका येतात म्हणून मागच्या खोलीत तो पाऊल टाकत नसे. त्यानेच चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘नाव काढणे’. ताईला वाचता येत नाही म्हणून जागेवरूनच ओरडून सांगितलंही होतं. हौशी लोक कंपनीचं नाव घासून गुळगुळीत करून मागतात, महिन्यातून एखादा येतोच. दोघांनाही शंका आली नव्हती.

“मी बरोबर लिहिलंय,” भाऊ चिठ्ठी नाचवत म्हणाला. “हे बघा, अक्षर न् अक्षर बरोबर आहे.”

“दादा, तू गप बस.”

गिऱ्हाईक स्टुलावर टेकला. झाकण त्याने मांडीवर घेतलं.

“माझ्या बापाचं नाव होतं ते,” तो म्हणाला. “ओतकाम करायचा तो. हे झाकण त्याने स्वतः ओतलंय, त्यावर नाव आहे, एवढंच आई एकदा बोलून गेली. नाव काही सांगितलं नाही. डांबरही तिनेच फासलं. शाळेत, कागदोपत्री, सगळीकडे मी आईचंच नाव लावलं. आता तर तिची वाचाच गेलीय, माणसंही ओळखत नाही. मी चाकूने खरवडून बघितलं, पण धातूवरच ओरखडा उठला, म्हणून जाणत्या हातात दिलं.”

भावाने चिठ्ठी हळूच खिशात घातली.

“मला त्याचा राग नाही,” तो पुढे म्हणाला. “आई सांगायची, तिला दिवस गेलेत हे कळायच्या आधीच तो निघून गेला. ज्याला माहीतच नव्हतं त्याला बोल कसा लावायचा? मला फक्त त्याचं नाव पाहिजे होतं.”

वीस वर्षांत ताईच्या हातून एक नग बिघडला नव्हता, आणि आता एका माणसाचा बापच तिने घासून टाकला होता. तोही किती मन लावून! डांबराखालचं ते नाव इतक्या वर्षांत फक्त तिने बघितलं होतं, आणि तिला ते वाचता येत नव्हतं. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

“द्या इकडे,” ती एकदम म्हणाली.

तिने झाकण बाकावर ठेवलं आणि फडक्यावरच्या काळ्या चिखलात बोट बुडवलं. वाचता येत नसलं म्हणून काय झालं? कानस कुठे अडली, कुठे गोल फिरली, कुठे घसरली, ते तिच्या मनगटाला ठाऊक होतं. तिने एक उभी रेघ ओढली. तिला पोट काढलं. थांबली, मान हलवली, ते पोट पुसून जरा खाली काढलं. मग दुसरं अक्षर. भाऊ उठून जवळ आला आणि शिंकायचंही विसरला.

तिसरं अक्षर पुरं झालं आणि गिऱ्हाइकाने तोंडावर हात ठेवला.

“हे तर माझं नाव आहे.”

“म्हणजे आईने बापाचंच नाव तुम्हाला ठेवलं!” भाऊ म्हणाला. संकट टळल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता.

गिऱ्हाईक हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. “पन्नास वर्षं शोधतोय हो मी,” तो म्हणाला, “आणि शाळेच्या हजेरीत रोज तेच ऐकत होतो.” त्याने वाकून ताईला नमस्कार केला. ताईच्या जिवात जीव आला.

“अहो थांबा, अजून संपलं नाही,” ती उत्साहाने म्हणाली. “खाली बारीक आकडे पण होते. आकडे मला येतात, पॉलिश पेपरवर नंबर असतात ना. दोन दिवस तेच तर डोळ्यांसमोर होते.”

नावाखाली तिने भराभर आकडे काढले. सतरा. रेघ. सहा. रेघ. मग साल.

गिऱ्हाइकाचं हसू जागच्या जागी थिजलं.

“कसली तारीख ही?” भावाने विचारलं.

“माझ्या जन्माची,” तो म्हणाला. त्याने आधी नावाकडे बोट केलं, मग आकड्यांकडे. “हे नावही माझंच. म्हणजे तो मला बघून गेला.”