एका रात्रीची अट

ऊन गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरायला लागलं, तशी चतुर्वेदी साहेबांची चुळबुळ सुरू झाली. खाली त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी फाटकाकडे वळवूनही ठेवली होती. प्रतिभानं आणखी एक अळूवडी वाढली, तर साहेबांनी पानावर आडवा हात धरला.

"बस मैडम. सब बढ़िया है, कमरे भी, खाना भी. पर अब निकलना पड़ेगा. आप तो यहीं की हैं, समझती हैं."

न समजायला काय झालं? उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या कुणा राजानं इथं रात्र काढली तर त्याची गादी जाते, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. म्हणून मोठी मोठी माणसं दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि दिवस मावळायच्या आत देवासच्या रस्त्याला लागतात. पूर्वी हा नियम मुकुटवाल्यांपुरता होता. आता ज्याच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल आहे तो प्रत्येक जण तो पाळतो.

आणि प्रतिभाचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. शाळेची नोकरी सोडून, फंडाचे सगळे पैसे घालून तिनं फ्रीगंजमधल्या घराच्या माडीवर यात्रेकरूंसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. नव्या उद्योजकांसाठी सरकारची योजना होती. कर्जावर सूट आणि पाच वर्षं कर माफ. अट साधीच होती: तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतः एक रात्र तिथं राहायचं आणि सकाळी शेरा द्यायचा. तोवर पाहुणा ठेवायचा नाही. एक जरी पाहुणा उतरला तरी धंदा जुना झाला, मग सवलत कसली? ज्यानं ही अट लिहिली तो कधी उज्जैनला आला नसावा, किंवा येऊन संध्याकाळी परत गेला असावा.

याआधी दोन अधिकारी येऊन गेले होते. पहिले चार वाजताच पळाले. दुसऱ्यांनी तर चहासुद्धा गाडीतच मागवला. आता श्रावण तोंडावर आला होता. गावात पाय ठेवायला जागा उरणार नव्हती, आणि प्रतिभाच्या खोल्यांत नव्या चादरी घडी न मोडता पडून होत्या. हेही साहेब गेले तर सगळंच मुसळ केरात.

तिनं श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवलं.

"सर, वो नियम तो राजाओं के लिए है ना? अभी खाते-खाते आपने ही कहा, हम तो जनता के सेवक हैं."

साहेब कात्रीत सापडले. हो म्हणावं तर राहावं लागणार, नाही म्हणावं तर स्वतःच्याच तोंडानं स्वतःला राजा म्हणवून घ्यावं लागणार. प्रतिभाचा नवरा श्रीधर बिचारा भिंतीला टेकून महाकालाचं नाव घेत होता. शेवटी साहेबांनी खिडकीतून ड्रायव्हरला गाडी बंद करायची खूण केली.

सकाळी साहेब न्हाऊन-धुऊन, दर्शन करून आले ते खुशीतच. "ऐसी नींद बरसों में नहीं आई, मैडम. लाइए, साइन कर देता हूँ." पेनाचं टोपण त्यांनी काढलं आणि फोन वाजला. साहेब ऐकत गेले, चेहरा उतरत गेला. त्यांची बदली झाली होती, मंडल्याला, पार जंगलात, तीही तत्काळ. त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"अब हमारे साइन का कोई मतलब नहीं."

जिना उतरताना त्यांचं तोंड पडलेलं होतं. मान मात्र आले तेव्हापेक्षा ताठ होती. गादी गेली खरी, पण ती होती हे तरी सिद्ध झालं.

ही बातमी त्यांच्या गाडीआधी भोपाळला पोचली. त्यानंतर प्रतिभानं कितीदा फोन केला, उत्तर ठरलेलं: योग्य अधिकारी उपलब्ध होताच पाठवू. योग्य म्हणजे ज्याला खुर्ची नको झाली आहे असा. तसा अख्ख्या खात्यात कुणी नव्हता.

"हवा झाली ना पूर्ण भोपाळात," श्रीधर म्हणाला. "आता कोण येणारे मरायला आपल्याकडे? तू त्यांना थांबवलंच कशाला गं? फालतूत फसलो."

त्या दिवशी प्रतिभा स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, सरळ वागलं की सरळ होतं म्हणून. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि माळ्यावर पडून असलेला 'खोल्या मिळतील'चा बोर्ड स्वतःच खाली काढला.

"लावा हा बाहेर. सवलत गेली खड्ड्यात. येईल त्याला ठेवू."

"अगं, एक पाहुणा उतरला की कायमचं पाणी सोडावं लागेल तिच्यावर."

"सोडलं."

श्रीधर स्टुलावर चढून खिळा ठोकत होता, तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर भोपाळचा होता. पलीकडचा माणूस कुठल्याशा दुसऱ्याच खात्यातला होता आणि दबक्या आवाजात बोलत होता.

"दीदी, हमारे साहब के लिए एक रात का कमरा चाहिए. वही वाला, जिसमें चतुर्वेदी जी सोए थे."

"मिल जाएगा," प्रतिभा म्हणाली. "साहब खुद आकर पैसे देंगे?"

"नहीं नहीं, उनको तो पता भी मत चलने दीजिएगा. किराया पूरा स्टाफ मिलकर दे रहा है."