अकीकचा खल

गीतांजलीच्या पत्रात दोनच प्रश्न होते. ‘सर, माझ्या दगडांची पूड कोणत्या खलात केली? एखादा तुकडा उरला आहे का?’ इंगोले सरांनी पत्र टेबलावर ठेवलं, त्यावर पेपरवेट ठेवला आणि उत्तर दिलं नाही. त्याला अकरा वर्षं झाली.

आज ती त्यांच्यासमोर शेवंती ओवत बसली होती. भाच्याच्या लग्नाला निघालेल्या सरांनी हारासाठी बडनेरा स्टेशनाबाहेर रिक्षा थांबवली होती. दुकान तिच्या वडिलांचं, फुलं बार्शीटाकळीच्या मळ्यातली.

“बसा न सर. बाबा, सरांले स्टूल द्या.”

पंजाबरावांनी स्टूल पुसलं. “हेच काय तुये अमरावतीचे सर? दगडवाले?”

“हेच.”

सर खाली बघत बसले.

अंदमानच्या ज्वालामुखीचे ते दगड तिला एकदाच आणता आले होते. त्या बेटावर जायची परवानगी पुन्हा मिळणार नव्हती. तिथे समुद्राचा तळ पृथ्वीच्या पोटात सरकतो. त्याच्यासोबत खाली गेलेलं पाणी वरच्या प्रावरणात शिरतं आणि त्याला वितळवतं. टँटॅलम नावाचं मूलद्रव्य मात्र बुडणाऱ्या तळातच अडकून राहतं. म्हणून लाव्ह्यात टँटॅलम कमी सापडलं, की खाली समुद्राचं पाणी पोचलं होतं असं समजायचं. तिचा सगळा प्रबंध त्या कमी असण्यावर उभा होता.

पूड करायला तिने दगड आपल्या जुन्या कॉलेजात, सरांकडे पाठवले. अकीकच्या, म्हणजे सहसा न झडणाऱ्या कठीण गारेच्या खलात, हातानेच करा, असं लिहिलं होतं. दोन नमुन्यांतच सरांचं मनगट भरून आलं. बाकीचे त्यांनी टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत टाकले. अर्ध्या तासात काम झालं. दाखल्यावर ‘अकीक’ लिहून त्यांनी सही केली. त्या चक्कीतून टँटॅलम झडतं आणि पुडीत मिसळतं, हे त्यांच्या नंतर वाचनात आलं. दोन नमुन्यांत टँटॅलम कमी, बाकीच्यांत भरपूर. नमुन्यांची सरमिसळ झाली आहे, असा शेरा मारून तिचा प्रबंध नाकारला गेला.

“गीतांजली, ते पत्र...”

“जाऊ द्या न सर.” तिने दोऱ्याला गाठ मारली. “कोबाल्टही वाढला होता, अन् तो बी चक्कीतूनच झडते. चक्की तं मले तवाच समजली होती.”

“मग तू परीक्षकांना सांगितलं का नाहीस?”

“दाखल्यावर सही तुमची होती. तुमाले रिटायर व्हाले चार महिने होते. म्हटलं, सर सोताच सांगतीन.” ती हसली. “वाट पाहून राहिली होती मी. अन् एक तुकडा जरी राहिला असता, तं अकीकात पुन्हा केलं असतं. पण तुमी सारेच दळले.”

सरांनी खिशातून पाकीट काढलं.

“सर, हार मोठा देऊ का मंझला?” पंजाबरावांनी विचारलं.

सर लग्नाला गेले नाहीत. रिक्षा घरी वळवली. पेपरवेट उचलला तेव्हा त्याच्याखाली कागद पांढराच होता. बाकी सगळा पिवळा पडला होता.

दळण्याआधी नमुन्याचा मुठीएवढा तुकडा बाजूला ठेवायचा, हे सरांनी तेहतीस वर्षं वर्गात शिकवलं होतं. त्यांनी पेपरवेट उलटा केला. अकरा वर्षं त्यांनी ही बाजू वर येऊ दिली नव्हती. काळ्या, छिद्राछिद्रांच्या दगडावर पांढऱ्या रंगात, गीतांजलीच्या अक्षरात, सातचा आकडा होता.

तिच्यासमोर पुन्हा उभं राहायचं धाडस त्यांना झालं नाही. ते पोस्टात गेले.

“काका, गोटा हाय काय यात?” काउंटरवरच्या बाईने पार्सल वजनाला ठेवत विचारलं.

सरांनी मान हलवली. आत एक चिठ्ठी होती. तिच्यावर दोनच ओळी होत्या.

‘टंगस्टनच्या चक्कीत.

हा उरला होता.’