सासूचा माग

लेफ्टनंट हॅल्स्टेडने सकाळीच हुकूम सोडला. आजपासून कोणी जमिनीकडे बघायचं नाही. सगळ्यांनी दाझेनच्या मानेकडे बघायचं.

दाझेन सैन्याचा वाटाड्या. जातीचा अपाची, अमेरिकेतल्या मूळच्या टोळ्यांपैकी. अपाचीला शोधायला अपाचीच लागतो, एवढं शहाणपण सैन्याला वीस-पंचवीस वर्षं लढल्यावर आलं होतं, आणि त्याबद्दल काही जणांना बढतीही मिळाली होती. या खेपेला शत्रूची टोळी डोंगरात शिरली होती. टोळीत तीन बाया होत्या. म्होरकी एक म्हातारी. सैन्याच्या किल्ल्याजवळच्या अपाची वस्तीतल्या सगळ्यांना आगगाडीत घालून फ्लोरिडाला नेणार, तिकडच्या दमट हवेत माणसं खोकून खोकून मरतात, असं तिच्या कानावर आलं आणि ती उठून चालू लागली. जवळ हत्यार म्हणाल तर निवडुंगाची बोंडं सोलायची सुरी. तिच्या बंदोबस्ताला चाळीस घोडेस्वार, खेचरांचा तांडा, आणि डोंगराडोंगरांवर आरसे लावून उन्हाच्या तिरिपेने निरोप धाडणारे शिपाई. आरसे छान चमकत. रोज एकच निरोप जाई, सापडली नाही.

का सापडत नाही, हे लेफ्टनंटला आदल्या दिवशी जेवताना कळलं होतं. दुभाषा सेवेरो हा लहानपणी अपाचींनी पळवून आणलेला मेक्सिकन, त्यांच्यातच वाढलेला. तोंडाला कुलूप नाही. घेवडा खाता खाता तो बोलून गेला, की ती म्हातारी म्हणजे दाझेनची सासू. अपाचींत जावई सासूचं तोंड बघत नाही आणि सासू जावयाचं बघत नाही. समोरासमोर आलेच तर वळायचं, नाहीतर पांघरूण तोंडावर ओढायचं. भांडण म्हणून नव्हे, आदर म्हणून. लेफ्टनंटला हसून हसून ठसका लागला. असा आदर आमच्याकडे असता तर मी एवढ्या लांब नोकरीला आलोच नसतो, असं तो म्हणाला.

मग तो हसायचा थांबला. जो माणूस जन्मभर एका बाईला टाळतो, त्याला ती कुठे आहे हे नेमकं ठाऊक असणार. म्हणजे सैन्य महिनाभर ज्याच्या मागून चाललं होतं, तो रोज तिच्यापासून लांब लांब चालला होता. आता तो जिकडून तोंड फिरवील, तिकडे ती.

हिशोब चुकीचा नव्हता. लग्नानंतर दाझेन रिवाजाप्रमाणे बायकोच्या माणसांत राहायला गेला. सासूची झोपडी हाकेच्या अंतरावर. इतक्या वर्षांत त्याला तिचं पाऊल माहीत झालं, खोकला माहीत झाला, पाठ माहीत झाली. तोंड त्याने कधी बघितलं नाही. गेल्या हिवाळ्यात बायको तापाने गेली. तरुण होती. तिची झोपडी जाळली, कपडे जाळले, तिचं नाव घेणं बंद केलं. मेलेल्या माणसाचं मागे काही ठेवायचं नसतं. पुढे म्हातारी डोंगरात गेली आणि हा आपण होऊन सैन्यात भरती झाला. दुःखाने डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. पण तिच्या मागावर कोणीतरी वाटाड्या जाणारच होता, आणि दुसऱ्या कुणाला तिच्याकडे बघायची बंदी नव्हती.

तर मानेवर नजर ठेवायचं काम सुरू झालं. सकाळी डोळ्यात धूळ गेली म्हणून दाझेनने तोंड फिरवलं. स्वारांनी ताबडतोब पलीकडच्या खडकावर हल्ला चढवला. खडक शरण आला. दुपारी तो थुंकायला वळला, तर एका झुडपाला वेढा पडला. दाझेन मूर्ख नव्हता. सेवेरो आपली नजर चुकवतोय, हेही त्याने बघितलं होतं.

उन्हं कलताना वाट फुटली. उजवीकडे एक घळ, डावीकडे एक. डावीकडच्या वाळूत ताजं पाऊल होतं, टाच जराशी ओढलेली. वर कड्यात एक कपार होती. दाझेन उभा होता तेवढ्या जागेवरूनच तिच्या आतलं दिसलं असतं. आसपास दुसरी सावली नव्हती. लेफ्टनंट घोडा घेऊन जवळ आला आणि त्याच्या मानेकडे बघत राहिला. चाळीस जण बघत राहिले.

सगळ्या वर्षांची सवय दाझेनची मान उजवीकडे ओढत होती. त्याने खांद्यावरचं कांबळं उजव्या गालावर ओढून घेतलं आणि तोंड डावीकडे केलं.

"उजवीकडे," लेफ्टनंट हळूच म्हणाला आणि स्वार उजव्या घळीत घुसले. तो स्वतः मागे थांबला. काळजीपूर्वक काम करणारा माणूस होता. डावीकडे नक्की कोणी नाही ना, हे त्याने सेवेरोकरवी विचारलं.

अपाची लोक अधिकाऱ्याला नंतान म्हणतात. दाझेन मान न हलवता बोलला. "असती तर मी तिकडे बघितलं असतं का, नंतान?"

सेवेरोने शब्दाला शब्द सांगितला आणि घोड्याचा पट्टा आवळायला लागला. मुद्दा लेफ्टनंटला पटला. त्याने टाच मारली.

कपारीत म्हातारी बसली होती. तिनेही पांघरूण तोंडावर ओढायला हवं होतं. ओढलं नाही. रुंद कपाळ, एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर, खालचा ओठ दाताखाली धरलेला.

घोड्यांचा आवाज लांब गेला. धूळ बसली. आता बघायची काही गरज उरली नव्हती. दाझेनने तरी मान वळवली नाही. बायको म्हातारी झाली असती, तर अशी दिसली असती.