अंगठ्याची जागा

"काकू, अंगठा परत तिथेच! जरा उजवीकडे घ्या. तो तिथे राहतो म्हणूनच तर चेंडू उजवीकडे पळतोय."

माझी गोल्फची कोच नातीच्या वयाची, पण दरारा मुख्याध्यापिकेचा. चेंडू मारायच्या आधीच मान वर करणं, कोपर वाकवणं, घाई करणं, माझ्या सगळ्या खोडी तिनं महिन्याभरात मोडल्या. अंगठा मात्र ऐकेना.

शेवटी तिनं स्टिक माझ्या हातातून घेतली आणि मुठीचं रबर निरखून पाहिलं. "इथे तर खड्डाच पडलाय! अंगठा त्यातच जाणार. उद्या नवीन रबर बसवून देते."

"अजिबात नको," मी जरा जोरातच म्हणाले. "ह्यांच्या अंगठ्यानं पडलाय तो."

दर रविवारी हे इथे खेळायचे आणि मी समोरच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन धुसफुसत बसायचे. "तू एकदा मारून तर बघ," हे म्हणायचे. हे होते तोवर मी स्टिकला हातसुद्धा लावला नाही.

तिनं स्टिक हळूच माझ्या हातात परत दिली.

मी माझा बारका अंगठा त्या खड्ड्यात टेकवला आणि मारलं. चेंडू झकास उडाला, उजवीकडे वळला आणि कुंपणाजवळच्या बांबूच्या बेटात शिरला.

"बघितलंत? हरवला ना!"

"हरवतोय कसला," मी म्हणाले. "ह्यांचे सगळे तिथेच तर आहेत."