दरवाजे ढकलायची रीत

परागला लाज कशी ती नव्हतीच. विलायतेतल्या कालव्यात भाड्याची बोट, हा मागं सुकाणू धरून चहा पितोय आणि सातव्या महिन्यातली बायको काठानं धापा टाकत पुढं चाललीय. कालवा चढाचा, जागोजागी दगडी हौद. दर हौदाला रेवतीनं दरवाजे ढकलायचे, लोखंडी चावी फिरवून पाणी भरायचं, तेव्हा बोट वर यायची.

"इथं बायकाच दरवाजे बघतात, आई. रीतच आहे."

तुळसाबाई बोटीतून काठावर उतरल्या. बोट हौदात शिरून मागचे दरवाजे लागले, तशी त्यांनी सुनेच्या हातातली चावी काढून घेतली, तिला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी मांडी ठोकून बसल्या. खोल हौदातून पराग हाका मारू लागला.

"भिंतीला शिडी आहे, चढून ये," त्या म्हणाल्या. "बाईमाणसानं एका वेळी एकच पोर वागवावं. ती पोटातलं वागवतेय."