सपाट रेघ

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका सरबताच्या कारखान्यात मंजुषाची नोकरी नाकाची होती. वास सुटे करणाऱ्या यंत्राच्या नळीशी नाक धरून बसायचं आणि जे जाणवेल ते सांगायचं. त्यापायी तिनं गजरा, कच्चा कांदा, सुवासिक तेल सगळं सोडलं होतं. त्या दिवशी आंब्याच्या मालात तिला मधेच बुरशीचा कुबट वास आला, पण यंत्राला काही सापडलं की उसळणारी समोरच्या पडद्यावरची रेघ सपाटच राहिली.

"सर, हा माल बाहेर जाऊ देऊ नका. लेकरं पितात हे."

लॅबचे प्रमुख अभय साहेब रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "मशीनला काहीच दिसत नाय. काल शेपूची भाजी खाल्ली होती का?" सगळी लॅब हसली.

"मशीनला सापडत नाही इतकं थोडं असलं, तरी नाकाला कळतं, सर. म्हणून तर मला इथं बसवलंय."

"मग उद्यापासून पॅकिंगला बसा. तिथं नाक लागत नाय."

दुसऱ्या दिवशी तोच माल तिला स्वतःच्या हातानं खोक्यांत भरावा लागला. संतापानं ती प्रत्येक खोकं आदळूनच ठेवत होती. तेवढ्यात अभय साहेब तिला टेम्पोच्या आडोशाला घेऊन गेले आणि इकडंतिकडं पाहत त्यांनी पिशवीतून आंब्याच्या सरबताची बाटली काढली.

 

"मंजुषाताई, आज आमच्या लेकीचा, श्रेयाचा वाढदिवस हाय. आपला माल नाय घेतला, दुसऱ्या कंपनीचा आणलाय. जरा हुंगून सांगा, पोरींना द्यायला चालंल ना?"