शेजारची जागा

एस्तेरने नेहमीप्रमाणे शेजारच्या जागेवर नवऱ्याचं बायबल ठेवलं. खिदिरपूरच्या गोदीत क्रेनमधून सुटलेला कंटेनर अंगावर पडून तो गेला, तेव्हापासून बाकावरची ती जागा त्याचीच होती. ख्रिस्तात मन नव्याने घडतं, असं पाळक दर रविवारी सांगत; तिला मात्र आता रागसुद्धा येईनासा झाला होता. त्या दिवशी ती क्रेन चालवणारा सुबीर आज उशिरा आला आणि भरलेल्या चर्चमध्ये तिच्याच बाकाशी थबकला. “मी मागे उभा राहतो, बौदी,” तो अजूनही तिला वहिनीच म्हणत होता. “बसा,” म्हणत तिने बायबल मांडीवर घेतलं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. अपघातापासून ‘आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हांलाही कर’ ही क्षमेची ओळ आली की ती गप्प व्हायची. आज तिथे आधी सुबीरचाच आवाज बंद पडला. बाकाच्या फळीतून त्याची थरथर तिच्यापर्यंत पोचली. तिच्या आत काहीच हललं नाही. तरी तिने ती ओळ मोठ्याने म्हटली, दोघांच्याही वाटची.